औषध प्रतिनिधीच्या कामात गूगल कॉन्टॅक्ट्स: नंबरापलीकडच्या नोंदींसाठी एक परीक्षण

गूगल कॉन्टॅक्ट्स हे ॲप बहुतेकांच्या दृष्टीने फोन नंबरांची यादी असते, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच बसवलेले असल्यामुळे त्याचे परीक्षण करावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मी उत्तर गोव्यात औषध प्रतिनिधी म्हणून काम करते. म्हापसा, पेडणे, डिचोली, साखळी आणि वाळपई या भागांतले डॉक्टर, केमिस्ट, स्टॉकिस्ट (औषधांचे घाऊक साठेदार) आणि क्लिनिकमधली माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटत राहतात. त्यांनी बोलता बोलता सांगितलेल्या घरच्या, प्रकृतीच्या, मुलाबाळांच्या गोष्टी पुढच्या भेटीपर्यंत लक्षात राहाव्यात यासाठी मी हे ॲप वापरते. या कामाला ते पुरेसे आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि याच हेतूने बनवलेल्या खास साधनांपेक्षा फिरतीच्या माणसाला ते अधिक सोयीचे पडते, असे माझे मत झाले आहे. दोन बाबतींत मात्र त्याच्यावर विसंबून चालत नाही. एक म्हणजे आपल्या तिथ्या, आणि दुसरी म्हणजे लोकांचा खासगीपणा.

आमच्या कामात डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ काही मिनिटांचा असतो आणि दाराबाहेर रुग्ण ताटकळत बसलेले असतात. औषधाविषयी जे सांगायचे ते थोडक्यात सांगून झाले की उरलेल्या अर्ध्या मिनिटात माणसाशी माणसासारखे बोलता येते की नाही, यावर पुढच्या भेटीचा सूर ठरतो. पूर्वी या व्यवसायात वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस यांच्या नोंदी ठेवल्या जात, त्या बऱ्याच अंशी भेटवस्तूंसाठी. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी जाहीर केलेल्या विपणनाच्या एकसमान संहितेने डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक लाभासाठी भेटवस्तू देण्यास मनाई केली, आणि माझ्या मते त्यामुळे या नोंदींचे स्वरूप चांगल्या अर्थाने बदलले. आता तारखेला कोणतीही वस्तू जोडलेली नाही. चौकशी केली तर ती केवळ चौकशीच असते, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळते.

ही पद्धत नवी नाही. १९३२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रचारमोहीम सांभाळणारे जेम्स फार्ली भेटलेल्या माणसांची माहिती फाईलमध्ये ठेवत असत. कोणाची पत्नी कोण, मुले काय करतात, मागच्या वेळी काय बोलणे झाले, हे पुढच्या भेटीआधी रूझवेल्ट यांच्या नजरेखालून जात असे, आणि तशा संग्रहाला इंग्रजीत आजही ‘फार्ली फाईल’ म्हणतात. फार्ली यांच्यापाशी त्यासाठी कार्यालय होते, माणसे होती. साखळीच्या बसस्थानकाजवळ स्कूटर लावून पाच मिनिटांत पुढच्या क्लिनिकमध्ये शिरणाऱ्या माणसाला तेच काम एकट्याने आणि हातातल्या फोनवर करायचे असते, म्हणून साधन कोणते निवडले याला महत्त्व येते.

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये नाव आणि नंबर यांच्याखाली ‘अधिक फील्ड’ उघडली की बरीच जागा सापडते. टोपणनाव, संस्था, हुद्दा, वाढदिवस, दुसरी एखादी महत्त्वाची तारीख, नातेसंबंध, स्वतः नाव देऊन तयार केलेला रकाना, आणि सर्वांत शेवटी टिपणाची मोकळी जागा. माझे बहुतेक काम या शेवटच्या जागेत होते. बाकीच्या रकान्यांपैकी वाढदिवस तेवढा मी नेमाने भरते, कारण तो गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप दिसू लागतो. नातेसंबंधाचा रकाना मात्र मला फारसा उपयोगी वाटला नाही. त्यात ‘मुलगा’ किंवा ‘पत्नी’ असे नाते निवडून नाव लिहिता येते, पण आपल्याला नावाइतकीच त्या नावाभोवतीची हकिकत हवी असते. मुलगी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकते, तिला वसतिगृहाचे जेवण मानवत नाही, म्हणून आई दर रविवारी डबा घेऊन जाते, ही माहिती कोणत्याही ठरावीक रकान्यात बसत नाही.

संपर्कांचे गट करणाऱ्या लेबलांची सोय मात्र मनापासून आवडण्याजोगी आहे. मी लेबले गावांप्रमाणे केली आहेत, कारण आमचा टूर प्रोग्राम गावांप्रमाणे असतो. पेडण्याला जायचे त्या सकाळी चहा घेताना पेडण्याचे लेबल उघडले की त्या दिवशी भेटणारी माणसे एकाखाली एक समोर येतात. मी टिपण लगेच उघडत नाही. आधी नाव वाचून त्या माणसाविषयी काय काय आठवते ते मनातल्या मनात म्हणते आणि मग टिपण पाहते. स्मरणावर जोर देऊन काढलेली गोष्ट नुसत्या वाचलेल्या गोष्टीपेक्षा अधिक काळ टिकते, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवलेले आहे, आणि माझा अनुभवही तसाच आहे. नियमित भेटीतल्या बऱ्याच माणसांची टिपणे आता उघडावी लागत नाहीत.

नोंद कधी करावी याला नोंद काय करावी याइतकेच महत्त्व आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यांत पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी निम्म्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो असे दिसले. माणसाचे बोलणे निरर्थक नसते, त्यामुळे ते अधिक टिकते, पण एका सकाळी सात-आठ ठिकाणी जाऊन आल्यावर कोणाचे काय हे एकमेकांत मिसळतेच. म्हणून क्लिनिकमधून बाहेर पडून पुढच्या ठिकाणी जाण्याआधी जी दोन मिनिटे मिळतात, त्यांतच टिपण व्हायला हवे. जी-बोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येते, त्यामुळे हे काम उभ्या उभ्या होते. गावांची नावे आणि कोंकणी शब्द तेवढे नंतर सुधारून घ्यावे लागतात. शिवाय बोलून लिहिताना आजूबाजूला त्याच क्लिनिकचे रुग्ण नाहीत ना, एवढे पाहणे आवश्यक आहे.

नावांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८७ साली ब्रिटिश संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की अनोळखी चेहऱ्याशी जोडलेले आडनाव आठवणे लोकांना कठीण जाते, पण तोच शब्द त्या माणसाचा व्यवसाय म्हणून सांगितला तर तो अधिक सहज आठवतो. व्यवसाय म्हटले की डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहते, आडनावामागे तसे काही नसते. गोव्यात ही अडचण अधिक जाणवते, कारण एकाच गावात नाईक, गावस, परब, फर्नांडिस अशी आडनावे दहा-दहा दुकानांवर दिसतात. त्यामुळे मी टिपणाची पहिली ओळ नेहमी डोळ्यांपुढे येईल अशी लिहिते: भजनात पखवाज वाजवणारे, घरी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असलेले, दुकानात रेडिओवर नाट्यगीते लावणारे. दुसऱ्या ओळीत त्यांना कोणत्या भाषेत बोलणे आवडते ते असते. डिचोलीत मराठीत सुरुवात केलेली चालते, म्हापशात काहींशी कोंकणीतच बोलावे लागते, आणि पोर्तुगीज काळात शिकलेल्या एका वृद्ध केमिस्टांना नावापुढे ‘बाब’ लावून हाक मारलेली आवडते. पुढच्या ओळींत मागच्या भेटीत अर्धवट राहिलेले बोलणे येते. माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ हीच. वाढदिवस सगळ्यांनाच माहीत असतो, फोन आठवण करून देतो, आणि त्या दिवशी शंभर संदेश येतात. पण वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे असे कोणी सहज सांगितले असेल, आणि महिन्याने आपण ‘बाबांना आता वाचता येते का?’ असे विचारले, तर तो प्रश्न विचारणारे आपणच असतो.

हे सारे डॉक्टरांपुरते ठेवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आमच्या कंपन्यांच्या याद्यांमध्ये डॉक्टरांची इत्थंभूत माहिती असते, पण दारात बसणारा कंपाउंडर, नोंदणी करणारी मुलगी, केमिस्टच्या काउंटरवर उभा राहणारा नोकर यांना त्या यादीत जागा नसते. आत कधी सोडायचे हे तेच ठरवतात, हे खरेच, पण त्याहूनही मोठे कारण असे की त्यांना नावाने हाक मारणारी माणसे फार थोडी येतात. सत्तरी तालुक्यातल्या आडगावातून पहाटेची बस पकडून वाळपईला येणाऱ्या मुलीने बारावीची परीक्षा बाहेरून दिली असेल, तर तिच्या निकालाची चौकशी डॉक्टरांच्या मुलाच्या निकालाइतकीच अगत्याने व्हायला हवी. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये यासाठी एक लहानशी सोय आहे: नंबर नसतानाही केवळ नाव आणि टिपण लिहून संपर्क जतन करता येतो, त्यामुळे माहिती ठेवण्यासाठी कोणाकडे विनाकारण नंबर मागावा लागत नाही.

आता तिथ्यांविषयी. या ॲपमधला तारखेचा रकाना इंग्रजी कॅलेंडरवर चालतो, आणि आपल्याकडच्या माणसांच्या आयुष्यातले महत्त्वाचे दिवस बहुतेक तिथीने येतात. गणेश चतुर्थी, म्हणजे आमची चवथ, २०२४ साली ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते. एखादा केमिस्ट त्या देवीचा धोंड, म्हणजे व्रत करणारा भक्त, असेल तर जत्रेआधीचे दिवस तो व्रतात असतो, तेव्हा त्याला बाहेर चहा-खाण्याचा आग्रह करू नये हे माहीत असणे हीच त्याची कदर होय. पेडण्याची पुनव हा तिथला उत्सव कोजागिरीला येतो आणि त्या सुमारास त्या गावातल्या माणसांचे लक्ष कामात नसते. ख्रिस्ती मंडळींचे काही सण ठरल्या तारखेला येतात, जसे ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त किंवा २४ जूनचा सांजाव, पण म्हापशाचे मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त ईस्टरप्रमाणे सरकते. यावर मी काढलेला मार्ग असा की तिथी टिपणात शब्दांत लिहावी आणि नवे पंचांग हाती आल्यावर त्या वर्षीच्या तारखा एकदाच बसून गूगल कॅलेंडरमध्ये भराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि मराठी व कोंकणी माणसाच्या दृष्टीने ही या ॲपमधली सर्वांत ठळक उणीव आहे.

तिथीची नोंद आनंदापेक्षा दुःखाच्या प्रसंगी अधिक लागते. घरातले कोणी वर्षभरात गेले असेल, तर अनेक कुटुंबे त्या वर्षी चवथ अगदी साधेपणाने करतात किंवा करीतच नाहीत. अशा घरी माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडणीचे) चित्र असलेला शुभेच्छांचा संदेश सरसकट सगळ्यांबरोबर गेला तर तो मनाला लागतो. त्यामुळे मी ‘यंदा सण नाही’ असे एक लेबल केले आहे. कोणी गेल्याचे कळले की त्या माणसाला हे लेबल लागते, आणि सणाच्या आधी संदेश पाठवताना ती नावे बाजूला राहतात. त्यांना नंतर भेटून किंवा फोन करून दोन शब्द बोलते. वर्षश्राद्धानंतर लेबल काढते. एवढ्या एका उपयोगासाठीही हे ॲप शिकून घ्यावे, असे मी नव्याने या कामात आलेल्या मुलांना सांगते.

खासगीपणाचा भाग सर्वांत गंभीर आहे. अँड्रॉइडवर एखाद्या ॲपला आपण संपर्क पाहण्याची परवानगी दिली की त्याला नाव आणि नंबर यांच्याबरोबर टिपणेही वाचता येतात. आयफोनवर परिस्थिती थोडी वेगळी आहे. आयओएस १३ पासून टिपणाचा रकाना वाचायचा असेल तर ॲप बनवणाऱ्याला ॲपलकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि या बाबतीत ती व्यवस्था मला निःसंशय अधिक चांगली वाटते. अँड्रॉइड वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या ॲपना संपर्कांची परवानगी दिलेली आहे ते एकदा पाहावे. टॉर्च, खेळ, कर्ज देणारी ॲप अशांना ती असेल तर ताबडतोब काढून टाकावी. दुसरी काळजी नावाच्या रकान्याची. पुष्कळ जण नावापुढेच सगळे लिहून टाकतात, आणि फोन वाजला की ते पडद्यावर झळकते, मग समोर कोणीही बसलेले असो. नावाच्या जागी फक्त नाव, फार तर गाव आणि दुकान एवढेच असावे. कोणाचा नंबर दुसऱ्याला पाठवतानाही सावध राहावे, कारण संपर्काची जी फाईल जाते त्या प्रकारात टिपणालाही जागा असते. पाठवण्याआधी त्यात काय काय चालले आहे ते पाहावे, किंवा सरळ नुसता नंबर लिहून पाठवावा.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे. व्यवसायातल्या माणसांविषयीच्या नोंदी त्या सवलतीत बसतात असे मी गृहीत धरत नाही, आणि म्हणून माझी कसोटी कायद्याहून कडक ठेवली आहे. ज्याच्याविषयी टिपण आहे त्याने ‘काय लिहिले आहेस ते दाखव’ म्हटले, तर फोन त्याच्या हातात देता आला पाहिजे. यामुळे काही गोष्टी आपोआप गळतात. कोणाचा आजार, कोणाच्या घरातला तंटा, कोणाची पैशांची ओढाताण, कोणत्या पक्षाकडे कल आहे, हे मी लिहीत नाही, त्यांनी स्वतः सांगितले असले तरी. तिसऱ्याकडून कळलेलेही लिहीत नाही. वडिलांच्या शस्त्रक्रियेसारखी गोष्ट, जी त्यांनी सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगितली आणि जिची चौकशी केलेली त्यांना आवडेल, तेवढीच नोंदते, आणि ती चौकशी होऊन गेली की ओळ पुसून टाकते. टिपण चार-पाच ओळींपलीकडे गेले तर त्यातले काहीतरी अनावश्यक आहे, असे समजावे.

पर्यायांचाही विचार केला पाहिजे. मोनिका नावाचा एक मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेला) संगणक-प्रोग्राम २०१७ पासून उपलब्ध आहे आणि तो नेमका याच हेतूने बनवलेला आहे. ओळख कुठे झाली, मुले, पाळीव प्राणी, दिलेल्या भेटी, झालेली संभाषणे, ठरावीक दिवसाची आठवण, असे सर्व काही त्यात नीट मांडता येते, आणि तांत्रिक ज्ञान असलेल्याला तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवून माहिती पूर्णपणे आपल्या ताब्यात ठेवता येते. घरी टेबलापाशी बसून आप्तेष्टांची आणि मित्रांची नोंद ठेवणाऱ्यास तो मी आनंदाने सुचवीन. फिरतीच्या माणसाला मात्र ब्राउझर उघडून इतके रकाने भरणे झेपत नाही. खिशातल्या डायरीला आजही मान आहे. तिच्यात लिहिलेले कोणतेही ॲप वाचू शकत नाही, आणि लिहिण्याच्या कृतीनेच पुष्कळसे लक्षात राहते. पण ती आठवण करून देत नाही, तिला कुलूप नसते, आणि जून-जुलैच्या पावसात स्कूटरवरून फिरताना ती कोरडी ठेवणे कठीण जाते. कंपनीच्या डेली कॉल रिपोर्टच्या, म्हणजे रोजच्या भेटींच्या अहवालाच्या, ॲपमध्येही डॉक्टरांच्या वाढदिवसाचे रकाने असतात, परंतु तिथे लिहिलेले एरिया मॅनेजरपासून मुख्य कार्यालयापर्यंत कोणीही वाचू शकते. औषधाविषयी झालेले बोलणे तिथे जावे. घरची गोष्ट तिथे जाऊ नये.

वापरायला सुरुवात करणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक बाबी सांगते. संपर्क जतन करताना तो गूगल खात्यात जातो आहे, सिमकार्डावर किंवा नुसत्या फोनवर नाही, हे पाहावे. सिमकार्डावर नाव आणि नंबर यांपलीकडे फारसे काही राहत नाही. चुकून पुसलेला संपर्क ३० दिवसांपर्यंत कचरापेटीतून परत आणता येतो. फोनला कुलूप आणि खात्याला दुहेरी पडताळणी हवीच, कारण आता त्या यादीत आपल्याखेरीज इतरांचेही काही ठेवलेले असते.

एक शेवटचा प्रश्न नोकरी किंवा भाग बदलताना येतो. ही सर्व यादी व्हीकार्ड किंवा सीएसव्ही फाईलमध्ये काढून घेता येते, आणि नव्याने येणाऱ्या सहकाऱ्याला ती आयती द्यावी असा मोह होतो. मी त्याला नावे, पत्ते, भेटीच्या वेळा, कोणत्या भाषेत बोलावे आणि कंपाउंडरांची नावे देईन, आणि त्याआधी फाईलमधला टिपणांचा स्तंभ पूर्ण रिकामा करीन. मुलीचा डबा, बाबांचे डोळे आणि यंदा न झालेली चवथ हे त्या माणसांनी मला सांगितले होते. त्याला सांगायचे की नाही, हे तो त्यांच्या दारात काही महिने जाऊन आल्यावर तेच ठरवतील.